पाहायला कोण गेले होते?

विचुंबे हे पनवेल तालुक्यातील गाव. नवे पनवेल आणि विचुंबे यांच्यामधून गाढी नदी वाहते. उन्हाळ्यात पाणी आटले, की तिच्या पात्रात ठिकठिकाणी काळा कातळ उघडा पडतो. एका मे महिन्यात शेजारपाजारची सात-आठ मुले घेऊन मी तेथे गेलो होतो. बरोबर एक भिंग, एक हातोडी आणि एक होकायंत्र होते. कातळावर बसून मी मुलांना सांगत होतो, "हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो येथे वाहत आला."

एका मुलीचे आजोबा आमच्याबरोबर आले होते. जन्मभर शेती केलेले, पाऊसपाण्याची उत्तम जाण असलेले गृहस्थ. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते पाहायला कोण गेलं होतं?"

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. मी पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या विषयात लंबक कसा हलतो हे प्रयोगशाळेत हलवून दाखवता येते. भूविज्ञानाची अडचण वेगळी आहे. लाव्हारसाचा तो पूर पुन्हा आणून दाखवता येत नाही. मग भूवैज्ञानिक इतक्या खात्रीने बोलतात ते कशाच्या आधारावर? त्या दिवशी घाईघाईत मी दिलेले उत्तर तोकडे होते. ते आज सावकाश देतो.

समजा, रात्री गावात चोरी झाली. चोराला कोणीही पाहिले नाही. तरी सकाळी चिखलात पावलांचे ठसे दिसतात, कपाटावर बोटांचे ठसे मिळतात, आणि शेजारच्या गावातील सोनार एक दागिना ओळखतो. ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरीही तिन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात. तेव्हा "पाहायला कोण होते?" असे न्यायाधीश विचारीत बसत नाहीत. भूविज्ञानाचे कामही असेच चालते. ते केवळ दगड गोळा करणाऱ्यांचे शास्त्र नव्हे. त्यात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित ही सारी येतात. म्हणूनच त्याला एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार मिळतात. आपल्या काळ्या कातळापुरते असे चार साक्षीदार आपण तपासू या.

पहिला साक्षीदार : आपले डोळे

विचुंब्याहून पूर्वेकडे पाहिले, की माथेरान आणि प्रबळगड दिसतात. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असताना त्यांचे कडे नीट पाहा. एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या दिसतील. कड्यासारखी उभी पट्टी, मग गवताचा उतार, पुन्हा उभी पट्टी, जणू जिन्याच्या पायऱ्याच! स्वीडिश भाषेत जिन्याला 'त्राप्पा' म्हणतात. त्यावरूनच ह्या खडकांना 'ट्रॅप' हे नाव पडले. दख्खनचे हे ट्रॅप आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग त्यांनी व्यापला आहे. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, हेही ह्याच थरांचे बनलेले आहे.

पुष्कळ ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. खालचा लाव्हारस थिजला, त्यावर ऊन-पाऊस पडले, त्याचा पृष्ठभाग कुजून माती झाली आणि मग वरचा लाव्हारस येऊन ती माती भाजून गेला. म्हणजे हे सारे एका दिवसात घडले नाही. मध्ये विसावे होते.

आता पनवेलचे वैशिष्ट्य पाहा. घाटातले थर जवळजवळ आडवे आहेत. पण पनवेलच्या आसपास ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, वाकू लागतात. उत्तर-दक्षिण शंभराहून अधिक किलोमीटर लांब असलेला हा बाक जगभरच्या भूवैज्ञानिकांत पनवेलच्याच नावाने ओळखला जातो. थर जर समुद्राकडे वाकत असतील, तर ते समुद्रतळाखालीही असले पाहिजेत. मुंबईजवळच्या समुद्रात तेलासाठी विहिरी खणल्या गेल्या, तेव्हा चुनखडीच्या जाड थरांखाली हाच काळा कातळ लागला. जमिनीवर बसून काढलेला निष्कर्ष समुद्राखाली पडताळून पाहता आला.

दुसरा साक्षीदार : चुंबकसूची

शिवणाची सुई मधोमध दोऱ्याने बांधून आडवी टांगा आणि मग तिला चुंबकत्व द्या. ती उत्तर-दक्षिण तर होतेच, शिवाय तिचे उत्तर टोक किंचित जमिनीकडे झुकते. ह्या झुकण्याला नती म्हणतात. विषुववृत्ताजवळ नती जवळजवळ शून्य असते. उत्तरेकडे जावे तसे उत्तर टोक अधिकाधिक खाली झुकते. दक्षिण गोलार्धात उलट होते, उत्तर टोक आकाशाकडे उचलले जाते. याचे सूत्र सोपे आहे : नतीचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो.

लाव्हारसात मॅग्नेटाइट ह्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. रस थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि पुढे तसेच राहतात. म्हणजे प्रत्येक थर ही एक गोठलेली चुंबकसूचीच होय. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील संशोधकांनी, आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, दख्खनच्या दगडांतील ही दिशा मोजली. काय आढळले? वरच्या थरांत उत्तर टोक उत्तरेकडे असूनही वर आकाशाकडे वळलेले होते! खालच्या अनेक थरांत तर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे असल्याची नोंद होती. नतीचे माप सरासरीने ४५ अंशांच्या आसपास होते.

आता गणित तुम्हीच करा. ४५ अंशांचा टॅन्जंट १. त्याचा निम्मा ०.५. हा ज्याचा टॅन्जंट आहे तो कोन सुमारे २७ अंश. म्हणजे आपण आज उत्तर अक्षांश १९ वर असलो, तरी पायांखालचा हा कातळ थिजला तेव्हा ही भूमी दक्षिण अक्षांश २७ च्या आसपास होती. एकूण सरकली ४६ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५१०० किलोमीटर. ह्याला ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागा. वेग येतो वर्षाला पावणेआठ सेंटिमीटर.

चौकस विद्यार्थी येथे हरकत घेईल. १९ अक्षांशाला सूत्राप्रमाणे नती ३५ अंश यायला हवी; मुंबईत आज ती सुमारे २७ अंशच का? हरकत रास्त आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एखाद्या क्षणी थोडे वेडेवाकडे असते. हजारो वर्षांच्या सरासरीतच ते सूत्राला धरून वागते. म्हणूनच एका दगडावर विसंबून न राहता अनेक थरांचे नमुने घ्यावे लागतात.

ह्या वेगाचा पडताळा आज आकाशातून घेता येतो. बंगळूर आणि हैदराबाद येथील केंद्रांची जागा उपग्रहांच्या साहाय्याने मोजली जाते. ती केंद्रे दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहेत. आशिया खंडाला धडकण्यापूर्वी भारताचा वेग बराच जास्त होता. धडक बसल्यावर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, तो मंदावला. तेव्हा दगडाने सांगितलेली सरासरी आजच्या वेगाहून थोडी अधिक यावी, हे ठीकच आहे.

तिसरा साक्षीदार : अणूंचे घड्याळ

पण ६ कोटी ६० लाख हा आकडा आला कोठून? निसर्गातील पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हे किरणोत्सर्गी समस्थानिक अत्यल्प प्रमाणात असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू बदलून जातात. बदललेल्या अणूंपैकी साधारण दहावा हिस्सा आरगॉन ह्या वायूचा होतो. लाव्हारस पातळ असताना आरगॉन निसटून जातो. रस थिजला, की नवा तयार होणारा आरगॉन दगडात कोंडला जातो. घड्याळ शून्यापासून सुरू होते. आरगॉन आणि उरलेले पोटॅशियम मोजले, की वय कळते. ६ कोटी ६० लाख वर्षांत पोटॅशियम-४० च्या शंभर अणूंतील जेमतेम साडेतीन बदललेले असतात. एवढे बारीक मोजमाप करावे लागते.

आता समजा, हे घड्याळ चुकत असेल. मग दुसरे घड्याळ पाहावे. थरांमधल्या तांबड्या मातीत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉन नावाचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यांत युरेनियम असते व त्याचे शिसे होत असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, तर युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच स्फटिकात दोन घड्याळे! पोटॅशियमच्या घड्याळाशी त्यांचे काहीही नाते नाही. अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या गटांनी २०१९ साली आपापली मापे प्रसिद्ध केली. एकाने पोटॅशियम-आरगॉनच्या मार्गाने जाऊन, दुसऱ्याने युरेनियम-शिशाच्या. लाव्हारस नेमका कोणत्या टप्प्यात किती आला, ह्याबद्दल दोघांत मतभेद राहिले. पण बहुतेक थर ६ कोटी ६० लाख वर्षांच्या अलीकडे-पलीकडे दहा लाख वर्षांच्या आतच साचले, ह्याबद्दल दोघांचे एकमत आहे. शास्त्रज्ञांत वाद आहे असे कोणी म्हटले, तर वाद नेमका कशाबद्दल आहे, हे आधी विचारावे.

चौथा साक्षीदार : वरळीचा बेडूक

मुंबईत वरळी येथे लाव्हारसाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आगीच्या नद्यांच्या मध्ये बेडूक! याचा अर्थ एवढाच, की दोन उद्रेकांच्या मध्ये येथे तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि गाळात पुरले गेले. तांबडी माती जे सांगते, तेच बेडूकही सांगतो.

आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ लाव्हारसाच्या थरांमध्ये समुद्राचा गाळ सापडतो. त्यातील सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून कळते, की तो गाळ डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर लगेचच्या काळातला आहे. डायनोसॉर कधी नष्ट झाले, हे इतर देशांतील खडकांवरून स्वतंत्रपणे ठरवलेले आहे. तो काळही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचाच!

उलटतपासणी

चांगला वकील साक्षीदारांना सहजासहजी सोडत नाही. "अर्धायुष्य आज इतके आहे, पूर्वी वेगळे नसेल कशावरून?" हा प्रश्न वर्गात मला नेहमी विचारला जातो. १९८७ साली आपल्या शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट दिसला. तो प्रकाश तेथून सुमारे १ लाख ६० हजार वर्षांपूर्वी निघालेला होता. स्फोटानंतरचे तेज ज्या गतीने मावळत गेले, ती गती कोबाल्ट-५६ च्या अर्धायुष्याशी जुळली. आपल्या प्रयोगशाळेत ते ७७ दिवस भरते. लाखाहून अधिक वर्षांपूर्वी, इतक्या दूर, तोच नियम पाळला जात होता.

शास्त्रज्ञ चुकत नाहीत, असे मात्र समजू नका. माझ्याच विषयातले थोर नाव सांगतो. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ साली उष्णतेच्या गणिताने पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे ठरवले. पुढे १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींपर्यंत खाली आणले. भूवैज्ञानिकांना हा काळ फारच अपुरा वाटे. एवढे जाड थर साचायला तेवढी वर्षे पुरणारच नाहीत, असे ते म्हणत. गणित केल्व्हिन यांचे होते, पण बरोबर ठरले दगड पाहणारे! केल्व्हिन यांनी गृहीत धरले होते, की पृथ्वीचे पोट घट्ट आहे आणि उष्णता केवळ वहनाने बाहेर येते. प्रत्यक्षात आतील खडक अतिशय संथपणे घुसळला जातो. शिवाय १८९६ साली किरणोत्सर्ग सापडला, आणि त्याबरोबर उष्णतेचा एक नवा झरा आणि वय मोजायचे घड्याळही हाती आले. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले.

भूवैज्ञानिकांनी केल्व्हिन यांच्यावर शंका घेतली, म्हणजे त्यांनी विज्ञान नाकारले काय? मुळीच नाही. त्यांनी शंकेबरोबर पुरावा ठेवला. खरी शंका पुरावा मागते, आणि तो मिळाला की आपले मत बदलते. "कितीही दाखवा, मी मानणार नाही," ही शंका नव्हे. तो आधीच दिलेला निकाल आहे.

डोंगराची आठवण आणि आपली आठवण

साडेसहा कोटी वर्षे मानली काय आणि न मानली काय, आपले काय बिघडते, असे तुम्हाला वाटेल. गाढीच्या पात्रात उभे राहून मी दूरवरच्या डोंगरांकडे पाहतो, तेव्हा मला तसे वाटत नाही. त्या रांगेत इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात त्या गडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण येथे दीडशेवर, आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे अशीच गेली.

आपण कड्यावर पाहिलेल्या पट्ट्या येथे पुन्हा आठवा. कठीण कातळात उभ्या भेगा असतात, त्यांतून पाणी खाली उतरते. खाली चिकट मातीचा किंवा कुजलेल्या दगडाचा थर लागला, की पाणी तेथे तुंबते. भिजून जड झालेल्या मातीला आतून पाण्याचा दाब उचलू लागतो, तिची पकड सुटते आणि उतारावरचा सगळा भार घसरतो. हे समजण्यासाठी थर कसे साचले, हे माहीत असावे लागते.

अशा वाड्यांतून धोक्याची गोष्ट निघाली, की पुष्कळदा उत्तर मिळते, "आमच्या पणजोबांपासून डोंगर आहे तिथेच आहे. कधी काही झालं नाही." ह्या बोलण्यात लबाडी नसते. पण माणसाची आठवण तीन-चार पिढ्यांची असते, आणि डोंगराची कोट्यवधी वर्षांची. माणसाने पाहिले नाही म्हणजे घडले नाही, असे होत नाही.

येथे एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. मग शास्त्र खोटे ठरले का? यादी अपुरी ठरली, हे खरे. अशी यादी म्हणजे हाती असलेल्या मोजमापांवरून बांधलेला अंदाज असतो. तो चुकला, तर अधिक उतार मोजावे लागतात, अधिक खडक तपासावे लागतात. केल्व्हिन यांची चूक अशाच अधिक मोजमापाने सुधारली होती.

हे मोजमाप थोडेफार तुम्हीही करू शकता. तुमची शाळा किंवा घर डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर पावसाळ्यापूर्वी मोठ्या माणसांबरोबर जाऊन उतार पाहा. जमिनीला नव्या भेगा पडल्या आहेत का? झाडे, विजेचे खांब, कुंपणे कलली आहेत का? पावसात झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते का? घराची दारे पूर्वीसारखी बसेनाशी झाली आहेत का? तारीख घालून वहीत लिहा, आकृती काढा आणि ती वही शिक्षकांना व ग्रामपंचायतीला दाखवा. भर पावसात मात्र उतारावर जाऊ नका. ह्यांतील काही दिसले, तर तेथून दूर होऊन आधी मोठ्यांना सांगा.

त्या आजोबांना मी हे सारे नंतर एकदा घरी बसून सांगितले. चुंबकसूचीचा प्रयोग त्यांनी स्वतः करून पाहिला. सुईचे टोक झुकले, तसे ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे दगडच पाहायला होता म्हणा की." मग त्यांनी लगेच विचारले, "पण मग त्या सुईला तरी उत्तर कोणी शिकवली?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आणखी एक संध्याकाळ लागली. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडापासून ते सुरू होते. तुम्ही शोधून पाहा.